काळुरामचं स्वस्त शहर

काशीबाई गेली आणि काळुरामला काही वाटेनासंच झालं. रडू आलं नाही एवढंच नव्हे, भूक लागलेलीही त्याला कळत नसे. शेजारची मैना डबा द्यायची. तो उघडायचा, खायचा, डबा धुऊन परत द्यायचा. एकदा तिच्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं. ती धावत आली, "काळूमामा, खाल्लंत नाय ना?" तर मामा जेवून, हात धुऊन दारातल्या खुर्चीत बसलेला. खारट लागली नाय का, म्हणून विचारलं तर म्हणे, "असंल." आता हे कुणाचं बोलणं? मिठागरावर जन्मलेल्या माणसाचं! मैनेनं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, मामाचं काही खरं नाही.

दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला होता. पिंड ठेवून माणसं मागं सरतायत तोवर शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. "बाईची कायबी इच्छा ऱ्हायली नव्हती," असं जो तो म्हणाला आणि घरी गेला. काळुरामनं मान हलवली. एकुलती एक लेक सगुणा, आयर्लंडात डब्लिन शहरात नर्स, आई गेली तरी आली नव्हती. त्यावर पेणच्या रामवाडीत बरंच बोलून झालं होतं आणि काळुरामनं कुणाचं तोंड धरलं नव्हतं. "मन नव्हतं तिचं," एवढंच तो म्हणायचा. आणि तो म्हणाला म्हणजे ते खरंच असणार, कारण परदेशातल्या शहरांबद्दल काळुरामच्या वरताण बोलेल असा माणूस अख्ख्या पेणमध्ये नव्हता.

हे असं का, ते सांगायचं तर जरा मागं जायला हवं.

काळुरामचा बाप जनू खाडीकाठच्या मिठागरावर राबायचा. हंगामात सगळं बिऱ्हाड मिठागरावरच्या झोपडीत, झोपडी मालकाची. पावसाळा लागला की आपल्या गावात, आपल्या घरात. जनू अडाणी खरा, पण त्याचा एक नियम होता. घरातली मुलगी कुठं द्यायची झाली, की मुलगा काळा का गोरा हे तो नंतर बघायचा. आधी त्या गावाला जाऊन मिठाचा भाव विचारून यायचा. मीठ जिथं महाग, तिथं रस्ता नाही, बाजार नाही, चढण मोठी. म्हणजे आपल्या लेकीला जन्मभर सगळं डोक्यावरून वाहावं लागणार. मीठ स्वस्त तर खुशाल द्या. महिपती नावाचं एक चांगलं खातंपितं स्थळ काळुरामच्या आत्याला सांगून आलं होतं, ते जनूनं ह्यापायी मोडलं. लोक हसले. पण जनूनं दिलेल्या मुली सुखात राहिल्या, हेही लोकांनी बघितलं. खाडीकाठच्या आणखी चार घरांनी हाच रिवाज धरला.

काळुराम तरुणपणी मुंबईला गेला आणि बोटीवर लागला. माल वाहणारी मोठी बोट, त्यातल्या भटारखान्यात कांदे सोलण्यापासून त्यानं सुरुवात केली. पुढं दुनियेतली बंदरं बघितली. बोट धक्क्याला लागली की बाकीचे खलाशी कुठं कुठं जायचे ते जाऊ द्या. आपला काळुराम मात्र धक्क्याजवळच्या पहिल्या दुकानात शिरायचा आणि मिठाचा भाव विचारायचा. मग अंडं, पाव, बटाटा. मग न्हाव्याकडं जाऊन दाढीला किती. एवढं झालं की त्याचं शहर बघून झालं. संध्याकाळी बोटीवर परत, बोटीवरच जेवण, बोटीवरच झोप. मनातल्या मनात त्यानं सगळी दुनिया अशी पेणच्या बाजाराशी लावून बघितली होती.

कायमचा घरी आला तेव्हा रामवाडीत हायवेच्या अलीकडं त्यानं आपलं दोन खोल्यांचं घर बांधलं, आणि कमळाकरच्या सलूनसमोरच्या बाकड्यावर त्याची बैठक सुरू झाली. आखातात जाणारी पोरं, त्यांचे बाप, सगळे त्याच्याकडं यायचे.

"काळूमामा, रॉटरडॅम कसं?"

"पोट भरंल. पन दाढी घरीच कर."

"आणि योकोहामा?"

"शिदोरी घेऊन जा, बाबा. तिथं नुसतं बघायचं."

"लागोस?"

"अंडं इकत घ्यायपेक्षा कोंबडी पाळ."

हसू नका. ह्या शब्दांवर माणसं विमानात बसलेली आहेत. गोविंदाला त्यानं सांगितलं, "बाहरीन मध्यम. जा." गोविंदा गेला. कंपनीची खोली, कंपनीचं जेवण. काही वर्षांनी येऊन त्यानं स्लॅबचं घर बांधलं. मग काय विचारता! काळुरामच्या शब्दाला वजन आलं. काशीबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत हे ऐकायची. तिचं जग म्हणजे पेणचा बाजार आणि रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात दिलेली तिची धाकटी बहीण धोंडुबाई. पण नवऱ्याचा तिला असा काही अभिमान होता, की कुणी उलट बोललं तर म्हणायची, "त्यांनी दुनिया पालथी घातलीय. तुमी खोपोलीच्या पल्याड तरी गेलाव का?"

आता डब्लिन. सगळ्या शहरांत काळुरामच्या मनात डब्लिन भरलं होतं. संपामुळं एकदा बोट तिथं बरेच दिवस अडकून पडली होती. बटाटा स्वस्त, मीठ स्वस्त, दाढी स्वस्त, माणसं गप्पिष्ट. "पेनच्या सगळ्यात जवळ जाणारं शहर," असं तो म्हणायचा. म्हणून दोन हजार एक साली सगुणाला एकाच वेळी रियाधची आणि डब्लिनची नोकरी चालून आली, तेव्हा तो क्षणभरही थांबला नाही. "डब्लिन. डोळे झाकून जा." जनूच्या रिवाजानं लेक योग्य गावी दिली, अशा समाधानात त्यानं तिला विमानात बसवलं.

आणि पहिली दोन वर्षं त्याचंच खरं झालं. हॉस्पिटलनं सगुणाला राहायला क्वार्टर दिली होती. ती एकदा येऊनही गेली, आईला स्वेटर, बापाला रेझर घेऊन. पुढं क्वार्टर सुटली. तसं ती फोनवर म्हणाली होती. काळुराम म्हणाला, "मग खोली घे एखादी. खोल्यांना काय तोटा हाय?" विषय तिथंच संपला.

मग काशीबाईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा पनवेलला डायलिसिसला न्यायचं, सुया, औषधं, पथ्य. सगुणा दर महिन्याला पैसे पाठवायची, कधी चुकली नाही. काशीबाईला पैशाचं काय! तिला लेक बघायची होती. "एकदा येऊन जा म्हणावं तिला. चार दिस तरी." पनवेलहून येताना जीपमध्ये डोकं मागं टेकून ती हेच म्हणायची. तिची तेवढी एकच मागणी होती.

एका रविवारी फोन आला. काळुरामनं उचलला.

"बाबा, ह्या वर्षी तिकिटाचं नाही परवडत."

"परवडत नाय?" काळुराम हसलाच. "डब्लिनमध्ये? मला सांगतेस व्हय गो? डब्लिन मी बघितलंय."

"तेव्हाचं वेगळं होतं, बाबा. आता इथं..." आणि तिचं फोनचं कार्ड संपलं.

खाटेवरून काशीबाई बघत होती. "अवो, काय म्हणाली? येते?"

"परवडत नाय म्हणते."

 काशीबाईनं जपून विचारलं, "खरंच नसंल का परवडत?"

तिनं हे उगीच विचारलं नव्हतं. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारलं होतं. काळुरामनंही उत्तर उगीच दिलं नाही. खाटेच्या कडेवर बसून त्यानं तिच्यासमोर हिशोब मांडला. पाव इतका, अंडी इतकी, बटाटे, मीठ, वर बसचं भाडं, आता महागाईमुळं सगळं तिप्पट धर. आणि नर्सचा पगार इतका. "राजावानी ऱ्हाते ती तिथं. उरतात म्हणून तर दर म्हैन्याला पाठवते. नसतं तर कुठून पाठवलं असतं? नाय काशे, परवडत नाय हे नुसतं सांगायचं झालं. मन नाय तिचं."

त्याला रागच आला होता. लेकीचा राग, आणि आपल्या डब्लिनला कुणी महाग म्हटलं ह्याचाही थोडा राग. काशीबाईनं भिंतीकडं तोंड केलं. पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा तिनं नुसता हात हलवला. निजलीय सांगा. त्यानंतर प्रत्येक रविवारी काशीबाई निजलेलीच असायची. पुढच्या वर्षीही सगुणाचं तिकीट झालं नाही. आणि काशीबाई लेकीशी एक शब्द न बोलता, एका दुपारी पनवेलच्या रस्त्यावर जीपमध्येच गेली.

झालं ते असं.

सगुणा आली ती त्याच्यानंतर सात-आठ महिन्यांनी, थंडीत. रिक्षातून उतरली तेव्हा मैनेनं ओळखलं नाही तिला. वाळली होती, केस कानाच्या वर पांढरे. काळुराम खुर्चीतून उठला. "आलीस?" म्हणाला. "आले," ती म्हणाली. दोघांनी एवढंच बोलून घेतलं. काळुरामला वाटलं होतं, लेक दिसली की काहीतरी होईल; राग येईल, नाहीतर रडू फुटेल. काही झालं नाही. तिनं बॅग ठेवली, पदर खोचावा तसा ओढणीचा शेव खोचला आणि घर पुसायला घेतलं. आईच्या खाटेखालची लादी तिनं पुन्हा पुन्हा पुसली. तो बघत बसला.

दिवस असेच गेले. ती रांधायची, तो जेवायचा. कमळाकरनं दोनदा निरोप पाठवला, एक पोरगा कॅनडाला निघालाय, मामांनी जरा बघावं त्याचं. काळुराम गेला नाही. एक दिवस सगुणा म्हणाली, "मावशीकडं जाऊन येऊ. आईचं शेवटचं सगळं तिनं केलं. मला तिला भेटायचंय." तो म्हणाला, "चल." चल म्हणायला काही वाटावं लागत नाही.

एसटीनं रोह्याला उतरून कुंडलिकेचा पूल चालत ओलांडला आणि दोघं अष्टमीत धोंडुबाईच्या दारात उभे राहिले. धोंडुबाईचं घर खाली. वरच्या तीन खोल्या तिनं कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्या होत्या. बाई कामाला वाघ, पण जीभ अशी की भाडेकरू बूट हातात घेऊन जिना उतरायचे. तिनं भावजींना पाणी दिलं, सगुणाला दिलं नाही. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सुकट असं रांधून ठेवलं होतं, ते निमूट वाढलं. सगुणानं पहिला घास तोंडात घातला आणि धोंडुबाईला राहवलं नाही.

"आता बरी आलीस! आई गेल्यावर तिकीट सस्तं झालं का गो?"

"मावशी..."

"मावशी नको म्हनू मला. जीपमधी माझ्या मांडीवर डोकं व्हतं तिचं. तुझं नावसुदीक काढलं नाय तिनं. काढंल कशी? लेकीचं मन नाय म्हटल्यावर कुनाचं नाव काढायचं?"

"कोण म्हणालं माझं मन नाही?"

"आमी काय बावळट हाव? भावजींनी सगळा हिशोब सांगितलाय. सस्तं शहर, मोठा पगार. राजावानी ऱ्हातेस तू तिथं!"

सगुणानं बापाकडं बघितलं. काळुराम भाकरी मोडत होता. मग ती हळूच म्हणाली, "मावशी, तुझ्या वरच्या खोलीचं भाडं काय गं?"

"ते कशाला तुला?"

"सांग ना. त्या पोरांच्या पगारातलं किती जातं भाड्याला?"

"जाईल धा-पंध्रावा हिस्सा. जास्त घेतलं तर पळून जातील."

"माझा निम्मा जातो. आणि तेही एका खोलीत आम्ही चौघी आहोत तेव्हा. दोघींची रात्रपाळी असते, म्हणून दोन खाटांत भागतं. मी उठते त्या गादीवर दुसरी निजते. उरलेल्या निम्म्यातले आईच्या औषधाला पाठवायचे. मग पाव, बटाटे काय ते. ते स्वस्तच आहे, बाबांचं बरोबर आहे. पण तिकीट कशातून काढू? हे आलेय ना, ते आता औषधाला पाठवायचं थांबलं म्हणून आलेय."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं आणि ती स्वतःच दचकली. धोंडुबाईच्या हातातली पळी बिरड्यात तशीच राहिली. भाड्याचं तिला कुणी समजावून सांगायला नको होतं; घर चालत होतं ते भाड्यावर. ती सावकाश काळुरामकडं वळली.

"भावजी, तुमच्या हिशोबात भाडं धरलं व्हतं का?"

"कसलं भाडं?"

"खोलीचं. ऱ्हायचं भाडं."

काळुराम आठवू लागला. खरंच आठवू लागला बिचारा. रॉटरडॅम, योकोहामा, लागोस. मीठ, अंडं, पाव, दाढी. "बोटीवर भाडं कसलं, धोंडुबाय," तो म्हणाला. "ऱ्हायला बोट व्हती ना."

"आणि बोटीच्या आधी?"

"मिठागरावर. मालकाची झोपडी."

"म्हंजे जल्मात भाडं भरलं नाय तुमी!" धोंडुबाई ओरडली नाही, तिचा आवाज उलट खाली आला. "एवढ्या गावांचे भाव सांगत फिरलाव, भावजी, आणि एका रातीची खोली घेतली नाय कुठं! आणि ती माझी बहीण, देवाचा शब्द मानून तुमचं..."  तिनं पदर तोंडाला लावला. मग उठली, सगुणाच्या पानात दुसरी भाकरी घातली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभीच राहिली. "जेव गो बाय. जेव."

सगुणा जेवली. काळुरामही जेवला. भाकरी संपली तेव्हा त्यानं ताट सरकवलं. आपल्याला आता फार वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं त्याला जोड्यानं मारलं असतं, हेही कळत होतं. पण वाटत काही नव्हतं. अंग मेल्यासारखं झालं होतं, आणि त्या मेलेपणाची त्याला प्रथमच भीती वाटली.

धोंडुबाईनं निघताना एका पिशवीत कडवे वाल बांधून दिले.  रोह्याच्या स्टँडवर पेणची गाडी लागायला वेळ होता. सिमेंटच्या बाकावर सगुणा बसली, काळुराम उभा राहिला. समोर एक बाई केळी विकत होती. सगुणा त्या केळ्यांकडं बघत म्हणाली, "मला वाटायचं, आई खरंच झोपलेली असते. औषधांनी झोप येते, मलाच माहीत ना, मी नर्स. मी म्हणायचे, नका उठवू तिला."

काळुरामही त्या केळ्यांकडंच बघत राहिला.

"तिनं मला एकदा तरी विचारायचं होतं, बाबा. सगुणा, खरं सांग, तुला परवडत नाही का. मी सांगितलं असतं तिला. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती, सगळ्या गावात तुम्ही डब्लिन डब्लिन करत होता. पण तिला सांगितलं असतं. तिनं मला का नाही विचारलं?"

गाडी फलाटाला लागली. माणसं दाराशी घाई करू लागली. 

"तिनं मला इचारलं व्हतं," तो म्हणाला.

सगुणा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं वालांची पिशवी उचलली आणि गाडीत चढली. तो मागून चढला. खिडकीशी दोघांची सीट होती. ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली. काळुराम दांडा धरून उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, "बसा की बाबा, जागा आहे." काळुराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे." भिसे खिंडीतली वळणं त्यानं उभ्यानंच काढली, म्हाताऱ्या पायांना ती झेपत नव्हती, दोनदा तो पडता पडता वाचला.

नागोठणं आलं तेव्हा सगुणानं पिशवी उचलून मांडीवर घेतली. काळुराम बसला.